सव्वीस तासांचा घोडेस्वार सात पौंडाला गेला. ऑनलाइन लिलावात किंमत कशी लावता?

रंगारी_सोलापूरकर

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी छोटे सैनिक रंगवतो. २८ मिलिमीटरचे, म्हणजे उभा माणूस बोटाच्या एका पेराएवढा. जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळणारे लोक परदेशात भरपूर आहेत, त्यांना असे सैनिक लागतात. रंगवायला सगळ्यांनाच वेळ नसतो, म्हणून रंगवलेले विकतही घेतात.

हा नाद दिवाळीच्या किल्ल्यातून लागला. कुंभार वेशीतून आणलेल्या मावळ्यांचे डोळे मला कधी पटायचे नाहीत. सहावीत असताना आप्पांचा ब्रश घेऊन सगळे मावळे परत रंगवले. आप्पा चादरीच्या कारखान्यात जकार्डचं डिझाइन काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगाने भरायचा, मग त्याबरहुकूम कार्डाला भोकं पाडायची. एक चौकोन चुकला की चादरीवरच्या प्रत्येक मोराची मान वाकडी. त्यांनी ब्रश घेतला म्हणून रागावले नाहीत, धरायचा कसा तेवढं दाखवलं.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात एक मराठा घोडेस्वार रंगवला. सव्वीस तास लागले, वहीत लिहून ठेवलेत. एका परदेशी लिलावाच्या साइटवर ९९ पेन्सपासून बोली लावली, कारण सगळे सांगतात की कमी किमतीने सुरुवात केली की गर्दी होते. सात दिवसांचा लिलाव रविवारी आपल्या रात्री साडेबाराला संपला. मी जागा होतो. सात पौंड. कोरा घोडेस्वारच टपाल आणि आयात शुल्क धरून मला हजाराच्या पुढे पडला होता.

माल ठरल्याप्रमाणे पाठवला. पण तेव्हापासून ब्रश हातात घेववत नाही. जे लोक हाताने केलेली वस्तू लिलावात विकतात त्यांनी सांगावं: कमी बोलीने सुरू करायचं, की आपली किंमत लावून वाट बघायची?

जुळेसोलापूरचा_बाळ्या

का बे, सात पौंड? आणि मला फोन पण केला नाहीस. माझ्या पोराच्या किल्ल्यावर तू दिलेली तोफ अजून आहे. बायको तिला हात लावू देत नाही कुणाला, दिवाळी संपली की कापसात गुंडाळून कपाटात. तुझं काम लै भारी आहे, किंमत चुकलीय. काम नाही चुकलं.

अर्थात_मास्तर

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिलावात किंमत पहिला गिऱ्हाईक ठरवत नाही, दुसरा ठरवतो. ईबेसारख्या साइटवर प्रत्येक जण आपली कमाल रक्कम आधी भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा एकाने ६० पौंड भरले आणि दुसऱ्याने साडेसहा. किंमत साठवर जात नाही. साडेसहाच्या वर एक पायरी चढते आणि थांबते. म्हणजे सात. तुमच्या घोडेस्वाराला साठ द्यायला तयार असलेला माणूस त्या रात्री तिथे असेलही, त्याला साठपर्यंत ओढणारा दुसरा नव्हता.

विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचं गणित मांडलं: जिंकणारा सर्वात मोठी बोली लावणारा, पण रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या पद्धतीत गिऱ्हाईक मनातली खरी किंमत निर्धास्तपणे भरू शकतो, हा तिचा गुण. विकणाऱ्याला मात्र दोन माणसं लागतातच.

म्हणून ९९ पेन्सची सुरुवात अशा वस्तूला चालते जिला हमखास पाच-सहा जण भिडणार आहेत. तुम्हाला किती बोल्या आल्या होत्या?

रंगारी_सोलापूरकर

सर, बोल्या चार, माणसं दोन. नजर ठेवून अकरा जण होते. आता तुमचं वाचून कळलं ते अकरा जण माझ्या काय कामाचे होते.

बुरुज

मी उलटच सांगेन. हातकामाचा लिलाव करूच नये. आमच्या घरात हा शब्दच वाईट. गिरणी बंद पडल्यावर यंत्रांचा लिलाव झाला तो आजोबांनी उभं राहून बघितला. ज्या मागावर त्यांनी वीस वर्षं काढली तो भंगाराच्या वजनाने गेला. लिलाव म्हणजे गरजू माणसाची वस्तू दुसऱ्याने ठरवलेल्या भावात. तुम्ही गरजू नाही आहात. ठाम किंमत लावा, वर्षभर पडून राहिला तरी राहू दे. सैनिक काही भाजी नाही सुकायला.

पद्मा_अशोकचौक

बुरुजदादा, आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण लिलावाची दुसरी बाजूही आहे. आमचे निम्मे नातेवाईक हैदराबादकडे. तिथे बाळापूरच्या गणपतीच्या हातातला लाडू १९९४ पासून लिलावात जातो. पहिल्या वर्षी ४५० रुपयांना गेला, आता लाखांत जातो. लाडू तोच. घेणाऱ्याला मान वाटतो आणि आणखी दहा जणांना तो मान हवा असतो, म्हणून भाव चढतो. कुठल्या गर्दीत वस्तू नेली यावर सगळं आहे. दादांचा घोडेस्वार चुकीच्या गल्लीत उभा होता.

गडकोट

पद्माताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी ते पान शोधून बघितलं. रंगारीदादा, तुम्ही शीर्षक काय दिलंय? ‘हाताने रंगवलेला भारतीय घोडेस्वार’. हे कोण शोधणार? खेळणारा माणूस काळ शोधतो, लढाई शोधतो, मूर्ती कुठल्या कंपनीची आणि किती मिलिमीटरची ते शोधतो. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसले एका बाजूला आणि समोर आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. ब्रिटनमध्ये या लढाईचे चाहते आहेत आणि त्यांना मराठा फौज कमी पडते, कारण तांबड्या डगल्यांचे इंग्रज शिपाई सगळेच रंगवतात. ‘मराठा’, ‘असई’, ‘१८०३’, ‘२८ मिमी’, ‘धातू’ एवढे शब्द शीर्षकात हवेतच.

आणि वर्णनात ‘प्रो पेंटेड’ लिहू नका. ते इतक्या जणांनी इतक्या भिकार कामावर लिहिलंय की जाणता गिऱ्हाईक ते वाचून पुढे जातो. त्यापेक्षा घोड्याच्या तोंडाचा जवळून फोटो द्या.

ता. क.: इतकं चांगलं रंगवता तर आपला भुईकोट कधी करणार? मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. तो प्रसंग तटबंदीसह मांडलेला मी कुठेच बघितलेला नाही.

जुळेसोलापूरचा_बाळ्या

भुईकोट कर बे! तलावाचं पाणी मी ओततो.

माझी एक आयडिया. एवढा भारी घोडेस्वार आहे तर रबराचा साचा काढ, पन्नास ओत, पन्नास विक. MIDC मध्ये ओतकाम करणारे पाहिजे तेवढे आहेत.

रंगारी_सोलापूरकर

नाही बाळ्या. ते कधीच करणार नाही. मूर्ती घडवणारा शिल्पकार कुणीतरी दुसरा आहे. विकत घेतलेला एक सैनिक मी रंगवून विकला तर तो माझा माल. त्याचा साचा काढला तर ती चोरी. आप्पांची डिझाइनं शेजारच्या कारखान्यात जशीच्या तशी निघायची, तेव्हा घरात काय वातावरण असायचं ते मी बघितलंय.

एक सरळ वाट आहे. काही शिल्पकार थ्रीडी प्रिंटच्या फाइली देतात आणि दरमहा पैसे भरून छापील मूर्ती विकायचा परवाना देतात. तो अटींसकट नीट वाचून घ्यायचा. बाहेरून धातूच्या मूर्ती मागवणं आता परवडतही नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणून रेझिनचा प्रिंटर घ्यायच्या विचारात आहे.

बुरुज

प्रिंटर घेतलात तर गच्चीवर किंवा हवेशीर खोलीत ठेवा आणि कच्च्या रेझिनला उघडा हात लावू नका, नायट्राइलचे मोजे घालाच. माझ्या भाच्याच्या हातावर पुरळ उठून महिना गेला.

नवखी_रेघ

मी बारावीत आहे, नुकतं रंगवायला लागले आहे. किमतीबद्दल काही कळत नाही, पण काका, एक विचारू? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रंग ब्रशवरच वाळतो. डोळा काढायला घेते तोवर टोकाला गोळी झालेली असते. तुम्ही काय करता?

रंगारी_सोलापूरकर

बाळ, हा प्रश्न सोलापूरच्याच माणसाला पडणार. पारा त्रेचाळीसवर आणि वर पंखा.

पसरट डबा घे. तळाला भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवून हलका पिळून पसर. त्यावर बेकरीवाले वापरतात तो बटर पेपर. मेणाचा घेऊ नकोस, त्यातून ओल वर येत नाही. रंग त्या कागदावर काढायचा. खालून ओल मिळत राहते, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही रंग जिवंत असतो. पंखा बंद कर. मी मेमध्ये पहाटे पाच ते आठच बसतो.

डोळ्यासाठी बारीकात बारीक ब्रश घेऊ नकोस. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, म्हणून तो लगेच वाळतो. एक नंबरचा घे, पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं. आधी डोळ्याची खाच गडद तपकिरीने भर. मग आत मळकट पांढरी आडवी रेघ, पण वर-खाली तपकिरी कड दिसत राहिली पाहिजे. शुभ्र पांढरा वापरलास तर माणूस घाबरलेला दिसतो. बुबुळ म्हणजे ठिपका नाही, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ. सुटा ठिपका दिला की डोळे वटारल्यासारखे होतात. कुंभार वेशीतल्या मावळ्यांचं तेच व्हायचं. आधी उजवा डोळा काढ, मग डावा त्याला जुळव. डावखुरी असशील तर उलट. श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी ब्रश टेकव.

स्प्रेचा प्रायमर भर उन्हात मारू नकोस. थेंब मूर्तीपर्यंत पोचायच्या आत वाळतात आणि अंगावर रवा टाकल्यासारखं होतं. पावसाळ्यात उलटी भानगड, दमट हवेत वार्निश पांढरं धुरकट पडतं. दोन्ही मी भोगलंय.

नवखी_रेघ

उभी रेघ!! आत्ताच करून बघितली. माझा भालदार पहिल्यांदाच कुठेतरी बघतोय असं वाटतंय. धन्यवाद काका.

शेंगाचटणी

पॅकिंगचं कुणी बोललं नाही अजून. मी मातीचे दागिने बाहेर पाठवते, पहिल्या वर्षात पाचातला एक तुटायचा.

तुमच्या सैनिकाला बबलमध्ये गुंडाळू नका. भाल्याचं टोक त्यात अडकतं आणि उलगडताना मोडतं. बैठकीच्या खाली छोटं चपटं लोहचुंबक चिकटवा आणि पत्र्याच्या डब्यात उभा करा. डबा कितीही हलवा, सैनिक जागचा हलत नाही आणि रंगाला काही घासत नाही. मी आधी हौसेने स्टीलचे छोटे डबे आणले होते, घरी येऊन बघते तर चुंबक चिकटेचना! स्वयंपाकघरातल्या बऱ्याचशा चांगल्या स्टीलला चुंबक लागत नाही. बिस्किटाचा पत्र्याचा डबा घ्या. चुंबक खिशात टाकूनच दुकानात जा.

डब्याभोवती खोका, मध्ये चारी बाजूंनी दोन बोटं थर्माकोल. मी भरलेला खोका कमरेइतक्या उंचीवरून तीनदा टाकून बघते, मगच पत्ता लिहिते.

कांचन_टॉवेल

आमचा टॉवेल निर्यातीचा व्यवसाय आहे. तुमचा खोका लहान असला तरी नियम बरेचसे तेच.

आयात-निर्यात कोड काढलाय ना? ऑनलाइन निघतो, शुल्क ५०० रुपये. टपालाने पाठवत असाल तर डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर निर्यात बिल घरबसल्या भरता येतं. खरी किंमत लिहा. गिऱ्हाईक ‘भेटवस्तू लिहा’ म्हणाला तरी नाही. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मागता येते.

दुसरं, जे नवे लोक हमखास विसरतात: ईबे कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर घेत नाही, गिऱ्हाईकाने दिलेल्या टपालखर्चासकट एकूण रकमेवर घेते. सात पौंडाच्या वस्तूवर दहा पौंड टपाल असेल तर कमिशन सतरावर. तुमच्या हातात काय उरलं असेल ते लिहू नका, मला अंदाज आहे.

तिसरं, सगळा भरवसा अमेरिकेवर ठेवू नका. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथली ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी गेली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. सात आठवडे कित्येकांचा माल घरात पडून होता. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट साइटच गिऱ्हाईकाकडून घेते, त्यामुळे दारात पोस्टमनशी वाद होत नाही.

रंगारी_सोलापूरकर

कांचनताई, कोड आहे. कमिशनचं मात्र खरंच ध्यानात आलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

आणखी एक मनात आहे. असईचे स्वार इतर लोकही रंगवतील. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे देवाची उंच काठी, कोण करणार? संक्रांतीची मिरवणूक, सात काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, काठी कमरेला तोलून धरलेला माणूस. त्याच्या मानेच्या शिरा मला दिसतात. एका शिल्पकाराला फोटो पाठवून विचारलंय. लिलावात ठेवला तर कसं वाटेल?

हिरेहब्बूंचा_शेजारी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या घरात काठी धरणारे झालेत. महिनाभर सराव करतात. त्याच्यावर बोली लागलेली मला बघवणार नाही. पद्माताई लाडवाचं म्हणाल्या, पण तो पैसा देवाच्या आणि गावाच्या कामाला जातो. करा जरूर, सुंदर करा. विकू नका.

पद्मा_अशोकचौक

काकांचं मला पटलं. माझा दाखला तिथे लागू होत नाही.

बुरुज

मला तेवढं पटत नाही. पंढरपूरच्या वाटेवर विठ्ठलाच्या मूर्ती विकतच घेतो ना आपण? मूर्तिकाराने जगायचं कशावर? ठाम किमतीला विकलं तर त्यात काय वाईट? बोली नको, एवढं मान्य.

रंगारी_सोलापूरकर

काका, राग कसला. नंदीध्वज करीन तो घरासाठी. पहिला तुम्हाला दाखवायला आणतो. काठीवर कुठल्या उंचीवर काय बांधतात ते फोटोत नीट कळत नाही, ते तुमच्याकडूनच शिकायचं आहे.

हिरेहब्बूंचा_शेजारी

या. चहा घेऊ आणि काठीच दाखवतो.

अर्थात_मास्तर

मूळ प्रश्नाकडे येतो. बुरुज म्हणतात लिलाव नकोच, मी तिथवर जाणार नाही. ज्या वस्तूची किंमत तुम्हालाच ठाऊक नाही, तिची किंमत कळायला लिलावासारखं साधन नाही. फक्त सुरुवातीची बोली अशी लावा की एकच माणूस आला आणि तेवढ्यालाच घेऊन गेला तरी तुम्हाला झोप लागेल. तो आकडा किती, हे तुमच्या तासांच्या वहीला विचारा.

आणि भाव चढत नाही म्हणून मित्राला खोटी बोली लावायला सांगू नका. असे सल्ले सर्रास मिळतात. ती फसवणूक आहे आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं.

जुळेसोलापूरचा_बाळ्या

सर, मी हेच लिहायला आलो होतो. खोडलं.

रंगारी_सोलापूरकर

मंडळी, सात आठवड्यांनी परत आलोय.

दुसरा घोडेस्वार रंगवला, बावीस तास. शीर्षक गडकोट यांनी सांगितल्याप्रमाणे. फोटो खिडकीच्या उजेडात, मागे राखाडी कागद, एक फोटो नुसत्या घोड्याच्या तोंडाचा. ३५ पौंडांपासून सुरू केला. चार दिवस एकही बोली नाही. पाचव्या दिवशी रात्री बाळ्याला फोन करून म्हणालो की काढून टाकतो. तो म्हणाला, गप झोप.

सहाव्या दिवशी एक बोली. रविवारी शेवटच्या दोन मिनिटांत आणखी दोघे आले आणि ५२ पौंडांना गेला. कमिशन, डबा, कोऱ्या मूर्तीचे पैसे सगळं वजा करून तासाला दीडशे रुपयांच्या आसपास पडले. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, दुसऱ्याचं लुगडं बघून आपला भाव ठरवू नये, सूत बघून ठरवावा.

पण लिहायला आलो ते वेगळंच. विकणाऱ्याला बोली लावणाऱ्यांची नावं दिसतात. शेवटपर्यंत ताणून ५१ वर थांबलेला, म्हणजे सरांच्या भाषेत किंमत ठरवणारा दुसरा गिऱ्हाईक, तो सात पौंडवालाच होता. पहिला स्वार मिळाल्यावर त्याने लिहिलं होतं की डबा उघडला तेव्हा स्वार उभाच होता. मी ते आभाराचं वाक्य समजून सोडून दिलं होतं.

शेंगाचटणी

डबा पत्र्याचाच ना?

रंगारी_सोलापूरकर

ताई, पहिला बबलमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात गेला होता, नशिबाने नीट पोचला. दुसरा पत्र्याच्या डब्यातून, चुंबक लावून गेला.

गडकोट

मग त्या माणसाला तिसरा हवाच असणार. त्याला कळवलंत?

रंगारी_सोलापूरकर

साइटबाहेर व्यवहार नियमात बसत नाही. तिसरा ठाम किमतीला साइटवरच लावतोय. घोड्याचा एक डोळा राहिलाय, उद्या पहाटे होईल.

बुरुज

ठाम किमतीला! किती लावताय?

रंगारी_सोलापूरकर

पंचावन्न.